बळीराजाला लाभार्थी करणाऱ्यांस खुलं पत्र

प्रति,
सरकारी योजनांना नावं देणारे सर्व संबंधित,
मंत्रालय, मुंबई.

विषय : 'बळीराजा' या नावाच्या वापराबाबत.

महोदय / महोदया,

सरकारी योजनेचं बारसं नेमकं कोण करतं, हे बाहेरच्या माणसाला कधी कळत नाही. शासन निर्णयाखाली सही एकाची, घोषणा दुसऱ्याची आणि नाव तिसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यातून आलेलं. हे पत्र त्या तिसऱ्याला आहे.

२०१५ साली यवतमाळ आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्या थांबाव्यात म्हणून 'बळीराजा चेतना अभियान' आलं. २०१८ मध्ये रखडलेल्या सिंचन प्रकल्पांसाठी 'बळीराजा जलसंजीवनी योजना' आली. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी 'मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना' आली. मुख्यमंत्री बदलले, खाती बदलली, नाव टिकलं. वर्तमानपत्रांनी तर हे नाव इतकं वापरलंय, की पाऊस लांबला की 'बळीराजा चिंतेत' आणि पडला की 'बळीराजा सुखावला' ही दोन शीर्षकं छापखान्यात जुळवूनच ठेवलेली असावीत.

त्या योजना चांगल्या की वाईट, यात मला आज शिरायचं नाही. विजेचं बिल शून्याचं आलं तेव्हा आमच्याही घरात कुणी तक्रार केली नाही. माझं म्हणणं या नावामागच्या गोष्टीबद्दल आहे. ती गोष्ट तुम्ही उलटी धरली आहे.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे असं आपण धरून चालतो, म्हणून ती धड कुणी सांगत नाही. भागवताच्या आठव्या स्कंधात ती सविस्तर आहे. विरोचनाचा मुलगा, प्रल्हादाचा नातू बळी तिन्ही लोक जिंकून बसलाय आणि नर्मदेच्या उत्तर काठावर, भृगुकच्छात, म्हणजे आजच्या भडोचला, अश्वमेध करतोय. तिथे छत्री, दंड आणि कमंडलू घेतलेला एक बुटका बटू येतो आणि तीन पावलं जमीन मागतो. बळी म्हणतो, अरे, माझ्याकडे येऊन एवढंच? एखादं बेट माग. बटू म्हणतो, तीन पावलांत ज्याचं भागत नाही त्याचं बेटातही भागणार नाही. (मागणारा इतकं शहाणपणाचं बोलायला लागला की सावध व्हावं, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल.) गुरू शुक्राचार्य बळीला बाजूला घेऊन सांगतात, हा विष्णू आहे, सगळं नेईल, शब्द फिरव, पोटापाण्यावर गदा येत असेल तर खोटं बोललेलं चालतं. बळी शब्द फिरवत नाही, म्हणून गुरूचा शापही त्याच्याच माथी. मग बटू वाढतो. दोन पावलांत सगळं व्यापतो, तिसऱ्याला जागा उरत नाही, आणि 'दिलेलं पुरं केलं नाहीस' म्हणून देणाऱ्यालाच गरुड वरुणपाशांनी बांधतो. बळी म्हणतो, तिसरं पाऊल माझ्या डोक्यावर ठेव. मग आजोबा प्रल्हाद येतात, बळीची बायको विंध्यावली बोलते.

इथवर सगळे सांगतात. पुढचं राहून जातं. विष्णू बळीला सुतल नावाच्या पाताळात पाठवतो आणि स्वतः गदा घेऊन त्याच्या दारात राखणीला उभा राहतो. वामनाचीच बाजू घेणाऱ्या पुराणालाही या व्यवहारात काहीतरी फेडायचं राहिलं असं वाटलंय. म्हणून देव दारवान झाला.

आता सांगा, या गोष्टीत दारात हात पसरून उभं कोण आहे? बळी नक्की नाही. तो दाता आहे, राजा आहे, नाही म्हणायची मुभा असूनही हो म्हणणारा आहे. तुमच्या योजनांत मात्र हाच बळी रांगेत आहे.

ही रांग मी पाहिलेली आहे. आमच्या तालुक्याच्या गावी ऑनलाइन अर्ज भरून देणारं एक दुकान आहे. भिंतीवर फ्लेक्स : गुलाबी फेटा बांधलेला, दात दाखवून हसणारा शेतकरी, पाठीमागे ऊस, वर ठळक अक्षरांत 'बळीराजा'. फ्लेक्सखाली प्लास्टिकच्या खुर्च्या. एक म्हातारे आजोबा इ-केवायसीसाठी आले होते. अंगठा मशीनवर उमटेना. जन्मभर खुरप्याच्या मुठीवर घासून रेषाच गेलेल्या. दुकानातला पोरगा काही वाईट नव्हता. त्याला रोजचं होतं ते. म्हणाला, "आजोबा, अंगठा जरा डोक्याच्या केसांवर घासा, तेल लागलं की उमटतो." आजोबांनी टोपी काढली, अंगठा घासला, पुन्हा टेकवला. मशीन नाहीच म्हणालं. "उद्या या." सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक असं सगळं त्यांनी पुन्हा पिशवीत भरलं. फ्लेक्सवरचा बळीराजा हसत होता.

शब्दांचीही अशीच उलटापालट झाली आहे. योजनेचा पैसा अडला की आमदारसाहेब सभेत गरजतात, 'हे झारीतले शुक्राचार्य कोण आहेत?' ही झारी याच गोष्टीतली. दानाचं पाणी सुटू नये म्हणून शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले, वामनाने दर्भाची काडी घातली आणि त्यांचा एक डोळा गेला. कीर्तनकारांनी हा प्रसंग घराघरांत पोचवलाय. पण गोष्टीतले शुक्राचार्य पाणी अडवत होते ते बळी लुबाडला जाऊ नये म्हणून! सबंध दरबारात बळीचं हित पाहणारा तो एकटा माणूस. आज आपण त्याचं नाव बळीचं अनुदान अडवणाऱ्या बाबूला देतो. म्हणजे मूळ गोष्टीत पाणी बळीच्या हातातून बाहेर जात होतं. आपल्या म्हणीत ते बळीकडे येतंय आणि मध्ये कुणीतरी बसलंय. दाता कधी घेणारा झाला, हे आपल्याला कळलंही नाही.

तुम्ही म्हणाल, पुराणकथा काय, जो तो आपापल्या परीने सांगतो. अगदी खरं. उलट ही गोष्ट जगली ती त्यामुळेच. ऋग्वेदात विष्णूची तीन पावलं आहेत, बळी नाही. शतपथ ब्राह्मणात वामनरूपी विष्णू आहे, पण तिथेही बळीचं नाव नाही. तिथे असुर बैलाच्या कातड्यांनी पृथ्वी मोजून आपापसांत वाटून घेत बसलेत, आणि देव येऊन म्हणतात, आमचाही वाटा ठेवा. जमिनीची मोजणी आणि हिश्शाची भांडणं! भूमी अभिलेखच्या कचेरीत आयुष्य घातलेल्या कुणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही. पुढे बळी आला आणि गोष्टीला चेहरा मिळाला. सहाव्या शतकातल्या बदामीच्या लेण्यांत आणि आपल्या वेरूळच्या पंधराव्या लेण्यात त्रिविक्रमाचा, म्हणजे वाढलेल्या वामनाचा, उचललेला पाय पाहा. शिल्पकाराने सगळी ताकद त्या पायात घातली आहे.

देवळांनी पाय कोरला. पण माणसं डोक्याबद्दल बोलत राहिली. आणि ती फक्त विष्णूचे विरोधक नव्हती. तुकोबांपेक्षा मोठा विठ्ठलभक्त कुठून आणायचा? त्यांच्या गाथेत 'हरि तूं निष्ठुर निर्गुण' म्हणून सुरू होणारा एक अभंग आहे. तो भक्ताचा अभंग कमी आणि आरोपपत्र जास्त. हरिश्चंद्र, नळ-दमयंती, शिबी, कर्ण, श्रियाळ असे साक्षीदार एकेक करून उभे केलेत, आणि त्यात बळी :

बळी सर्वस्वें उदार । जेणें उभारिला कर ।
करूनि काहार । तो पाताळीं घातला ॥

सगळं देऊन टाकणाऱ्याचं तू हे केलंस, असं देवाला तोंडावर विचारलंय. देव बदलला नाही, पंथ बदलला नाही, फक्त पायाखाली कोण आहे ते खाली वाकून पाहिलं.

फुल्यांनी तर गोष्टच उलगडून नव्याने शिवली. १८७३ चं 'गुलामगिरी' जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादात आहे, त्यामुळे ते वाचताना ओट्यावर बसून ऐकल्यासारखं वाटतं. त्यात बळी हा न्यायी राजा, खंडोबा-म्हसोबा-जोतिबा हे त्याचे कारभारी आणि वामन हा बाहेरून आलेल्या आर्यभटांचा म्होरक्या. पुढे ते येशू ख्रिस्तालाही बळीराजा म्हणतात. फुल्यांनी लावलेल्या शब्दांच्या व्युत्पत्ती आज भाषेचा कुणी अभ्यासक मान्य करणार नाही. पण फुले भाषाशास्त्राचा पेपर सोडवत नव्हते. जत्रेत खंडोबाचा भंडारा उधळणाऱ्या माणसाला ते सांगत होते, की तुझ्या देवांचा एक इतिहास असेल आणि तो पराभवाचा असेल. त्यांच्यानंतर आ. ह. साळुंखे यांनी 'बळीवंश'मध्ये हाच माग संस्कृत ग्रंथांतून काढला.

आणि फुल्यांनी दाखला कशाचा दिला? बायकांच्या तोंडच्या ओळीचा. 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.' ती ओळ मीही म्हटली आहे, माझ्या आईने म्हटली आहे, तिच्या सासूने म्हटली आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आमच्याकडे अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात, काही गावांत शेणाचा बळी करतात, वर झेंडूचं फूल खोचतात. घराच्या भिंतीवर दशावतारांची तसबीर असते, त्यात पाचवा वामन. एकाच घरात वामन भिंतीवर आणि बळी अंगणात, आणि दोघांचं कधी भांडण होत नाही. ओवाळताना मात्र बाई राज्य मागते ते बळीचं. वामनाचं राज्य येवो, असं म्हणणारी बाई मला अजून भेटायची आहे.

एक शंका तुम्हाला विचारतेच. पाडव्याला मंत्रिमहोदयांच्या शुभेच्छांच्या जाहिरातीत हीच ओळ छापलेली असते. खुर्चीवर बसलेला माणूस 'दुसऱ्याचं राज्य येवो' म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ काय लावायचा? आमच्या तोंडी ती ओळ शोभते, कारण चालू राज्य आमचं नाही असं आम्ही त्यात म्हणत असतो. तुम्ही ती छापता तेव्हा तुम्ही तुमच्याच बदलीचा अर्ज करत असता.

शेतकरी संघटनेने ही ओळ घोषणा म्हणून घेतली, तेव्हा तिचा अर्थ स्वच्छ होता. शरद जोशींचं म्हणणं थोडक्यात असं : सरकार शेतकऱ्याला देतं हा भ्रम आहे. लेव्ही म्हणजे सक्तीची सरकारी खरेदी, निर्यातबंदी, पाडलेले भाव यांतून सरकार त्याच्याकडून घेतं ते देण्यापेक्षा कितीतरी जास्त. त्याला ते उणे सबसिडी म्हणत. बाजाराबद्दलचे त्यांचे सगळे विचार मला पटत नाहीत. पण हे मात्र कबूल करायला हवं, की बळीची गोष्ट त्यांनी बरोबर वाचली होती. देणारा शेतकरी, मागणारा दिल्लीत, आणि पावलाचं माप मागणाऱ्याच्या हातात. बळीवर न थांबता ते सीतेकडेही वळले. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरीला सीतेचं एकटीचं देऊळ आहे. टाकलेल्या सीतेने मूठभर गहू मागितला, गावाने दिला नाही, म्हणून तिने शाप दिला आणि गावात गहू पिकेना, अशी तिथली कथा. त्या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार जोशींच्या पुढाकाराने झाला. बायकोच्या नावावर जमीन करून द्या, ही लक्ष्मीमुक्तीची मोहीमही त्यांचीच. दोन्हींतला धागा मला सरळ दिसतो : घराबाहेर काढलेल्या बाईच्या नावावर काय असतं? माझं स्वतःचं नाव सातबाऱ्यावर मालकाच्या नव्हे, 'इतर हक्क' या रकान्यात आहे, एवढं सांगून पुढे जाते.

मात्र या नावाचा सगळ्यात चोख वापर मला दिसला तो सांगली जिल्ह्यात, येरळेच्या पात्रात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ, कोरडी नदी, आणि त्या कोरड्या नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेताहेत. वाळू गेली की विहिरींचं पाणी जातं, हे बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी ठेकेदारांना विरोध केला, स्वतः थोडी वाळू विकण्याचा हक्क भांडून मिळवला, आणि त्या पैशावर धरण बांधायला घेतलं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'बळीराजा स्मृती धरण'. पाण्याचं वाटप जमिनीच्या एकरांवर बेतलं नाही. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा, बाईलाही वाटा. आमच्याकडे पाण्याच्या पाळीवरून भाऊबंदकीत डोकी फुटतात. तिथे भूमिहीनाला पाण्याचा हक्क द्यायचा म्हणजे काय, हे मंत्रालयातल्या सहाव्या मजल्यावरून कदाचित लक्षात यायचं नाही. या नावात वामन कोण ते कुणाला विचारावं लागत नव्हतं. त्याच्या ट्रकच्या चाकोऱ्या पात्रात उमटलेल्याच होत्या.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. तुकोबांनी वामनाच्या जागी देवालाच उभं केलं. फुल्यांनी भटशाहीला, जोशींनी दिल्लीच्या धोरणाला, येरळाकाठच्या लोकांनी ठेकेदाराला. प्रत्येकाने आपापल्या काळात कुणाकडे तरी बोट दाखवण्याची छाती केली, म्हणून ही गोष्ट पोथीत पडून राहिली नाही. तुमच्या सांगण्यात बळी आहे, फेटा आहे, ऊस आहे. वामन नाही. मग बळी खाली गेला कसा? आपोआप? पावसाने? आत्महत्या थांबवण्याच्या अभियानाला बळीचं नाव देताना हा प्रश्न एकालाही पडला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. पडला असेल, आणि फाइलवर आला नसेल.

नाव देण्याची कला पाहायची असेल तर केरळात जा. तिथे बळी म्हणजे महाबली, लाडाने मावेली. ओणमला तो वर्षातून एकदा प्रजेला भेटायला येतो, पोट सुटलेला, डोक्यावर ताडपत्राची छत्री. मावेलीच्या राज्यात सगळी माणसं सारखी होती, फसवणूक नव्हती, खोटी मापं नव्हती, असं त्यांचं जुनं गाणं सांगतं. केरळच्या नागरी पुरवठा महामंडळाने धान्य-किराण्याची स्वस्त दुकानं काढली आणि त्यांचं नाव ठेवलं 'मावेली स्टोअर'. दुकानदाराने तराजूत हात मारला, तर गिऱ्हाईक वर पाटीकडे बोट दाखवून त्याला गाण्याची ओळ ऐकवू शकतं. त्या पाटीने सरकारने स्वतःला बांधून घेतलंय.

आता माझी मागणी. नाव काढून टाका, असं मी म्हणत नाही. काढलंत तर त्या जागी तुम्ही काय ठेवाल याची मला जास्त भीती आहे. नाव ठेवा, पण जिथे शेतकरी देणारा असतो तिथे लावा. तो रोज देतो : कारखान्याच्या वजनकाट्यावर ऊस देतो, बाजार समितीच्या ओट्यावर कांदा, हळद, सोयाबीन देतो. तिथे काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. काटामारी हा शब्द आम्ही शोधला नाही, तो आम्हाला शिकवला गेला. कडता (वजनातली कापणी), तोलाई, हमाली वजा जाता हिशोबाच्या पट्टीवर उरतं काय, हे आडत्याच्या दुकानाबाहेर उभं राहून विचारा. उसाच्या हंगामात वैधमापनशास्त्र विभागाची भरारी पथकं कारखान्यांचे काटे तपासायला जातात. त्या पथकांना द्या हे नाव. त्यांच्या जीपवर लिहा 'बळीराजा', पथकं वाढवा, कुठला काटा किती चुकला ते गाळपाच्या हंगामातच, हंगाम संपल्यावर नव्हे, गावच्या चावडीवर लावा. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस घ्यायला कुणी नकार दिला तर काय करायचं, तेही त्याच कागदावर लिहा.

आणि त्या कागदावर एक रकाना ठेवा : माप कुणी मारलं. फ्लेक्सचा खर्च वाचवून हे बसतं का, तेवढं वित्त विभागाला विचारून घ्या. येत्या गाळपाआधी उत्तर आलं तर बरं. ऊस नोव्हेंबरात हलतो.

आपली,
'इतर हक्क' रकान्यातली एक शेतकरीण